सारख्या मापाचे बाण

माझ्या बापानं माझे बाण कापले. ही गोष्ट मी आजवर कुणाला धड सांगितलेली नाही, कारण सांगायला बसले की दुसऱ्याच वाक्याला माझं डोकं तापतं आणि समोरच्याला वाटतं, एवढं काय त्यात, काड्याच तर होत्या. मग तो किंवा ती हमखास म्हणते, 'जाऊ दे ना लली.' हे वाक्य मी जन्मभर ऐकत आले आहे आणि ते म्हणणाऱ्या प्रत्येकाला मनातल्या मनात एक ठेवून दिलेली आहे. कागद तसं म्हणत नाही. म्हणून आता चाळिशी उलटल्यावर, नाकावर चष्मा ठेवून, लिहूनच टाकते.

आमचं घर आलापल्लीच्या कडेला, एका आरा गिरणीच्या मागच्या अंगाला होतं. सकाळी गिरणी सुरू झाली की घरातलं बोलणं आपोआप मोठ्यानं होई, आणि दुपारी वीज गेली की आपण सगळे एकमेकांवर ओरडतोय हे एकदम लक्षात येई. सागवानाचा भुसा अंथरुणात, केसात, पाणी भरलेल्या गुंडात, हंड्यात. माझी माय लाखोळीच्या डाळीचं वरण झाकून झाकून थकली आणि शेवटी तिनं तो नाद सोडला. बाबा त्या गिरणीत कापण्याच्या कामाला होता. टेप न लावता तो फळ्यांची अख्खी चळत एका मापाची कापी, आणि मालक आलेल्या गिऱ्हाइकाला त्या चळतीच्या टोकांवरून हात फिरवायला लावी. बाबाला जगात दुसऱ्या कशाचा अभिमान नव्हता. घरातही तेच. चुलीचं सरपण एका मापाचं, दातणाच्या काड्या एका मापाच्या, कुंपणाच्या काठ्या वरून तासून एका रेषेत. मायनं अंबाडीची जुडी चिरायला घेतली की हा शेजारी उभा राहून म्हणे, देठ सारखे कर. माय म्हणे, पोटात गेल्यावर कोण मोजून राह्यलं? तरी तो तिथंच उभा.

आम्ही गोंड. बाबा आतल्या गावातून, जिथली वाट तेव्हा पावसाळ्यात बंदच होई, आलापल्लीला आला तो एक गोष्ट पक्की ठरवून आला की आपल्याला कुणी जंगली म्हणता कामा नये. हा शब्द त्यानं लहानपणी कुठंतरी ऐकला असणार, बाजारात किंवा शाळेत. कुठं, ते त्यानं कधी सांगितलं नाही. गिरणीत बाकीचे उघड्या अंगानं काम करत आणि हा शर्ट पँटमध्ये खोचून जाई. घरात गोंडी बोललेलं त्याला खपत नसे. त्याचा बाप, म्हणजे माझा आबाजी, आमच्याकडेच राहायला आला होता आणि त्याला यातलं काही म्हणजे काही मान्य नव्हतं. तो अंगणात बसून कोंबड्याला गोंडीतून शिव्या द्यायचा, लेकाच्या कानावर जाव्यात एवढ्या मोठ्यानं. बाबा आत भिंतीकडे तोंड करून जेवायचा. मला तेव्हा दोघंही आवडायचे.

मी नववीत असताना आबाजीनं मला धनुष्य करून दिलं. कटांग बांबूचं, माझ्या डोक्याच्या वर जाणारं, मुठीपाशी जाड आणि दोन्ही टोकांकडे निमुळतं. बांबू चुलीवरच्या माळ्यावर धुरात पडून पडून काळसर झालेला होता. त्यानंतर आबाजीचे हात थरथरायला लागले आणि त्यानं सुरीला हात लावणं सोडलं, म्हणजे ते त्याच्या हातचं शेवटचं धनुष्य. हे तो स्वतः बोलला नाही. मायनं सांगितलं, आणि वर दम दिला की मोडलंस तर घरात पाऊल ठेवायचं नाही. शाळेच्या स्पर्धांना मी तेच घेऊन जायची. हात बरा होता, डोळा बरा होता, पण बाण बांबूचे. आदल्या दिवशी चुलीवर शेकून सरळ केलेला बाण ओल लागली की दुसऱ्या दिवशी बाक धरायचा आणि मनाला येईल तिकडं जायचा. मी रडायची, बाणाला लाथ मारायची, पुन्हा शेकायला बसायची.

मग कार्बनचे बाण आले. राजुऱ्याकडच्या कोळसा खाणीच्या वसाहतीतली एक मुलगी स्पर्धेत नेहमी भेटायची. तिला नवे बाण मिळाले आणि जुने तिनं मला देऊन टाकले, सहज, चप्पल जुनी झाली म्हणून द्यावी तसे. काळे, गुळगुळीत, आतून पोकळ, कितीही पावसात ठेवा, सरळच्या सरळ. मी ते उशाशी घेऊन झोपले. सकाळी परसात भाताच्या तणसीचा भारा उभा केला आणि पहिला बाण मारला, तो भारा सोडून डावीकडच्या शेणखताच्या खड्ड्यात. दुसराही तिथंच. सगळेच्या सगळे डावीकडे.

आज मी मुलींना हे पहिल्याच दिवशी सांगते, तेव्हा मला सांगणारं कुणी नव्हतं. त्या मुलीच्या नव्या पद्धतीच्या धनुष्याला मधे खाच असते, त्यातून बाण सरळ निघतो. आपल्या बांबूच्या धनुष्याला खाच नाही. बाण मुठीच्या बाजूनं निघतो, म्हणजे त्याला धनुष्याला वळसा घालून मग सरळ व्हावं लागतं. त्यासाठी सुटताना तो थोडा लवला पाहिजे. जो लवत नाही तो डावीकडे पळतो. कार्बन लवायला तयार नव्हता. आणि दुसरी भानगड अशी की तो हलका होता. दोरी सुटली की धनुष्यातला जोर बाणानं घेऊन जायचा असतो. बाण हलका असेल तर उरलेला जोर धनुष्यालाच बसतो. आबाजीनं अंगणातून नुसता आवाज ऐकला आणि काठी टेकत आला. 'थांब,' म्हणाला. 'अशानं बांबू मरते.'

म्हणजे बाण लांब ठेवायचा आणि पुढून जड करायचा, मग तो लवतो आणि धनुष्यही वाचतं. इथपर्यंत मी आणि आबाजी मिळून पोचलो. पण जड करायचं कशानं? आमच्या घरात जे होतं तेच मी घातलं, तांदळाची कणी. पोकळीत कणी भरली, टोक बसवलं, आणि ऐटीत मारला. तो आधीपेक्षाही डावीकडे. दोरी सुटल्याबरोबर सगळी कणी मागं धावायची आणि पुढचं टोक रिकामं ते रिकामं. चालताना बाण खुळखुळायचे. माय म्हणाली, शेजारणीच्या लेकराले नेऊन दे, खेळन बिचारं. मी चिडून एक बाण कोपऱ्यात फेकला तो तसाच राहिला, आणि पुढं कधीतरी त्यातून सोंडे बाहेर पडून भिंतीवर चढले. भाताच्या मुलखातल्या माणसांशिवाय हा उद्योग कुणी केला नसता.

शेवटी सायकलचे स्पोक कामी आले. जुन्या चाकाचे स्पोक तोडून त्यांचे बोटाएवढे तुकडे मी बाणाच्या पुढच्या पोकळीत घालायची आणि वरून आबाजी पळसावरची लाख चिमणीवर मऊ करून ओतायचा. लाख थंड झाली की स्पोक हलत नसत. मग पिसं न लावता मारायचं, कारण पिसं लावली की बाणाचे दोष झाकले जातात. नागडा बाण डावीकडे गेला, स्पोक वाढव. उजवीकडे गेला, म्हणजे फार लवला, स्पोक कमी कर. बाण वेगवेगळ्या संचांतले होते, त्यामुळं प्रत्येकाचं गणित वेगळं. लांबीही कुणाची जास्त, कुणाची कमी, जशी ज्याला मानवली तशी. मारायला मी, लाख ओतायला थरथरत्या हाताचा आबाजी, आणि वजनाला माय. तिनं बांबूच्या कामटीला दोन्हीकडं डब्याची झाकणं टांगून तराजू केला. एका बाजूला बाण टांगायचा, दुसऱ्या बाजूला सगळ्यात जड ठरलेला बाण, आणि हलक्याकडच्या झाकणात लाल-काळ्या गुंजा टाकत जायचं. जितक्या गुंजा, तितकी लाख अजून. तिच्या लहानपणी सोनार गुंजांवर वजन करायचा, ते तिच्या डोक्यात होतं. वजन जुळलं की पिसं, त्याच शिव्या खाणाऱ्या कोंबड्याची.

ज्या संध्याकाळी नागडा बाण भाऱ्याच्या मधोमध लागला आणि त्याच्या मागून दुसराही तिथंच लागला, त्या दिवशी मायनं झिंग्यांची चटणी वाटली आणि गरम भातावर जवसाचं तेल ओतलं. आबाजी दोन वेळा भात मागून जेवला. बाबाही होता. त्यानं एक बाण हातात घेऊन डोळ्यासमोर धरला, टोकाकडून पाहिला, आणि म्हणाला, सरळ आहे. त्याच्या तोंडून यापेक्षा मोठी शाबासकी येत नसे. मी ती घेतली.

पुढं चंद्रपूरला निवड होती. बांबूच्या धनुष्याचा वेगळा गट होता. धनुष्य पारंपरिक हवं, बाण कुठलाही चालेल, असा तिथला नियम. निवडलेल्या मुलींना पुण्याला ठेवून शिकवणार होते, शाळाही तिथंच. माझ्या वयोगटातलं ते माझं शेवटचं वर्ष. मला जायचं होतं. गिरणीच्या आवाजापासून लांब, जिथं माणसं हळू बोलत असतील अशा ठिकाणी. मी रोज मारत होते आणि रोज बसत होतं. आबाजीला मी विचारलंसुद्धा, मी गेले तर कोंबड्याला शिव्या द्यायला मजा येईल का? तो म्हणाला, कोंबडाच उरला नाई पिसाचा, लंडूरा करून टाकला तू.

निवडीच्या आधी आलापल्लीला दोन-तीन दिवसांचं सराव शिबिर झालं. बाहेरून एक मास्तर आले होते, पांढऱ्या बुटांचे. त्यांनी माझा एक बाण उचलला, पिसाला बोट लावलं, हसले आणि ठेवून दिला. काय हसता, असं माझ्या तोंडाशी आलं होतं, पण दुसऱ्या दिवशी निघायचं होतं म्हणून गिळलं. शेवटच्या दुपारी बाबा मला न्यायला आला. मी दोरी उतरवत होते तोवर तो आणि मास्तर झाडाखाली काहीतरी बोलले. मला ऐकू आलं नाही. मग बाबानं मला सायकलवर बसवून घरी आणलं.

त्या संध्याकाळी मी आणि माय बाजाराला गेलो, चंद्रपूरला न्यायला फुटाणे आणि माझ्यासाठी नवी चप्पल आणायला. परत आलो तर नुकत्याच सारवलेल्या ओसरीवर काळी बारीक पूड सांडलेली. कोळसा कोणं आणला इथी, म्हणून माय कुरकुरली आणि पुन्हा सारवायला बसली. बाबा मोरीत हात धूत होता, चोळून चोळून, आणि मग जेवताना सारखा मनगटं खाजवत होता. माझी बाण ठेवायची वेळूची नळी, आबाजीनंच केलेली, भिंतीला टेकून उभी होती. तोंडाला स्वच्छ फडकं घट्ट बांधलेलं. बाबा म्हणाला, 'मी भरून ठेवले. आता मैदानातच सोड, बसमधी ओल लागन.' त्यानं माझ्या सामानाला कधी हात लावला नव्हता. मला इतकं बरं वाटलं की मी त्याला जास्तीची भाकर वाढली. हे आठवलं की आजही मला त्या भाकरीचासुद्धा राग येतो.

चंद्रपूरच्या मैदानावर ऊन चढलं होतं. बाबा माझ्याबरोबर आला होता आणि दोरीच्या पलीकडे डबा धरून उभा होता, शर्ट खोचलेला. मी फडकं सोडलं आणि नेहमीप्रमाणे नळीत हात घातला, तर बोटाला काहीच लागेना. बाण माझ्या सवयीच्या जागी नव्हतेच, खाली बसले होते. मी नळी पालथी केली. सगळे एका मापाचे. जमिनीवर टोकं जुळवून उभे धरले तर मागच्या टोकांवर ताट ठेवता आलं असतं. पुढचा भाग, स्पोक आणि लाख भरलेला, कापून टाकलेला, आणि धातूची टोकं शेकून काढून नव्या तोंडाला पुन्हा बसवलेली. काम इतकं साफ होतं की सांधा दिसत नव्हता. मी मान वर केली. बाबा दोरीपलीकडून हसून माझ्याकडे पाहत होता, कसे झाले, असं विचारत.

मला तिथं काही करता येण्यासारखं नव्हतं. वजनाचे तुकडे घरी, लाख घरी. आजूबाजूच्या मुलींचे बाण मागितले असते तरी ते माझ्या धनुष्याचे नव्हते. नाव पुकारलं आणि मी रेषेवर उभी राहिले. पहिला बाण डावीकडे, लक्ष्याच्या बाहेरच्या कडेला. मी दुसरा उजवीकडे धरून मारला, तो बसला. तिसरा बसला. जवळच्या अंतराला मी असाच नेम उजवीकडे चोरून मारत राहिले आणि माझे गुण बरे पडत होते, हे मला फळ्यावर दिसत होतं. पण धनुष्य वेगळं बोलत होतं. एरवी त्याचा आवाज भरीव, पोत्यावर हात मारल्यासारखा. आता नुसतं कट्, कट्. दर बाणाला झिणझिण्या मनगटापर्यंत. लांबच्या अंतराआधी थोडी विश्रांती होती तेव्हा मी धनुष्य उन्हात धरून पाठीवरून बोट फिरवलं, आणि मुठीच्या जरा वर बोटाला कूस टोचली, बांबू चिरायला लागला की उठते ती. बारीक, केसाएवढी. सकाळी ती तिथं नव्हती.

अजून अर्धी फेरी बाकी होती. ओढलं असतं तर कदाचित धनुष्य शेवटपर्यंत टिकलंही असतं. मोडलं असतं तरी तोवरच्या गुणांवर मी कदाचित निवडली गेले असते. हा हिशेब मला तिथं उभ्या उभ्या कळत होता, कुणी भाबडी समजू नये. मला जायचं होतं, पुन्हा सांगते. आणि ज्या हातानं ते धनुष्य तासलं तो हात आता पुन्हा सुरी धरू शकत नव्हता. मी दोरी उतरवली. पंचांनी विचारलं, तेव्हा मी म्हटलं की माझं झालं.

मी सरळ बाबाकडे गेले आणि बाण त्याच्यासमोर धरले.

'हे कोणं कापले?'

'मी,' बाबा म्हणाला. अजून त्याच्या लक्षात आलं नव्हतं. 'सारखे केले. चांगले झाले नाई का?'

'काऊन, बाबा?'

त्यानं मैदानाच्या कडेच्या टेबलाकडे पाहिलं, जिथं पांढऱ्या बुटांचे मास्तर बसले होते. मग डब्याकडे पाहत हळू म्हणाला, 'ते सर म्हनले, पोरीचे बाण पाह्यले का? एक लांब, एक आखूड, वरून कोंबड्याचे पिसं. जंगली दिसते म्हनले, चार लोकांत बरं नाई वाटत.'

मी टेबलापाशी गेले आणि बाण मास्तरांच्या पुढ्यात आदळले. म्हटलं, 'हे घ्या. आता चांगले दिसून राह्यले ना?' आजूबाजूचे वळून पाहायला लागले. मास्तर आधी गोंधळले, मग बाण पाहून त्यांना समजलं, आणि ते हसले. रागावले असते तर मी एक वेळ विसरले असते. ते म्हणाले, 'अगं, मी कापा म्हणालो नव्हतो. दिसतात कसे, एवढंच म्हणालो.' आणि हे खरं होतं. तेच मला आजवर गिळता आलेलं नाही. त्यांनी खरंच कापायला सांगितलं नव्हतं. त्यांना करवतीला हातसुद्धा लावावा लागला नाही. त्यांनी जाता जाता एक शब्द टाकला आणि माझा बाप घरी जाऊन कामाला लागला.

माझं तोंड पुन्हा उघडणार तेवढ्यात बाबा मागून आला. डबा काखेत मारून त्यानं हात जोडले. 'माफ करा सर,' म्हणाला, 'लेकरू आहे, समजत नाई तिले.' आणि टेबलावरचे बाण गोळा करायला लागला, टोकं जुळवून, एकसारखे. माझ्या वतीनं त्यानं त्या माणसाची माफी मागितली. बाण कापले त्याचा राग एका बाजूला आणि हा एका बाजूला. बसमध्ये तो खिडकीकडे बसला, मी मुद्दाम दुसऱ्या रांगेत. त्यानं मधे एकदा फुटाण्याची पुडी पुढं केली. मी म्हटलं, 'आपण जंगलातलेच आहो बाबा. त्यात माफी कायची?' त्यानं पुडी परत खिशात ठेवली.

घरी आबाजीनं धनुष्य मांडीवर घेतलं, कूस पाहिली, आणि मायकडून दोरा मागून घेतला. त्याच्यानं गुंडाळवेना म्हणून दोरा मी गुंडाळला आणि लाख त्यानं ओतली. कापलेले तुकडे बाबानं टाकले नव्हते. गिरणीत तो कुठलाच तुकडा टाकत नसे. डालड्याच्या डब्यात ते नीट उभे ठेवलेले होते, प्रत्येकात आमची लाख, आमचे स्पोक. आबाजीनं डबा हलवून पाहिला आणि ठेवून दिला. लेकाला तो एक शब्द बोलला नाही. मी वाट पाहत होते की आता हा गोंडीतून असं काही सुनावेल की गिरणी बंद पडेल. तो कोंबड्यावरसुद्धा ओरडला नाही त्या दिवशी. मला त्याचाही राग आला. मायनं 'जाऊ दे ना लली' म्हटलं, बहुतेक तेव्हाच पहिल्यांदा. कितीतरी दिवस मी बाबाचं ताट वाढायची आणि त्याच्याशी बोलायची नाही. नंतर बोलायला लागले, कारण एका घरात मीठ मागावंच लागतं. पण त्या बाणांविषयी आम्ही दोघं पुन्हा बोललो नाही.

पुण्याला दुसऱ्या कुणी गेलं. मी इथंच शिकले, इथंच नोकरीला लागले, आणि आता सुट्टीच्या दिवशी गावाबाहेर एका छपराखाली मुलींना शिकवते. धनुष्यं बांबूची, बाण कार्बनचे. आबाजी गेला, मायही गेली. तिचा कामटीचा तराजू आहे, म्हणजे तसाच दुसरा केलेला. आबाजीचं धनुष्य भिंतीला टांगलेलं असतं आणि वर्षातून एकदा, त्याच्या दिवशी, मी ते ओढते. दोरा गुंडाळलेल्या जागेनं अजून दगा दिलेला नाही. बाबा आता फार म्हातारा झाला आहे. गिरणीनं त्याचे कान खाल्ले. घरी एकट्याला करमत नाही म्हणून तो छपराखाली येऊन बसतो.

मागच्या हिवाळ्यात एक पाहुणे आले. मुलींची माहिती घेऊन मोबाईलवर फोटो काढत होते. चांगला माणूस होता, मुलींना बिस्किटं आणली होती. बाण ओळीनं मांडायला लावले आणि म्हणाले, 'मॅडम, हे सगळे एकदा सारखे कापून घ्या ना. जरा रानटी वाटतात. फोटोत छान येतील.' मी तोंड उघडणार, त्याच्या आधी कोपऱ्यातून बाबा उठला. त्याला ऐकू कसं गेलं, देव जाणे. भिंतीला हात लावत तो आला आणि बाणांच्या मधे उभा राहिला.

'हात नका लावू,' म्हणाला. 'ते लांबच रायतीन. आम्ही जंगलातले लोक आहो, आमचे बाण असेच रायते.'

पाहुणे ओशाळून हो हो म्हणाले. मुली टाळ्या पिटायला लागल्या. माझ्या डोळ्यांत पाणी यायला हवं होतं, निदान असं लिहिलं असतं तर वाचायला बरं वाटलं असतं. मला संताप आला. इतकं सोपं होतं ते? एवढंच म्हणायचं होतं? पाहुणे गेले, मुली गेल्या, आणि मी त्याच्या कानाशी जाऊन मोठ्यानं विचारलं, 'हे तोंड त्या दिवशी कुठी होतं?'

कोणता दिवस, असं त्यानं विचारलं नाही. तो गुंजांच्या वाटीत बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, 'मले वाटलं, बाण कापले त तुले कोणी तसं म्हननार नाई.' एक गुंज उचलून पुन्हा वाटीत टाकली आणि म्हणाला, 'मले म्हनले असते त चाललं असतं.'

मी काही विरघळले नाही. राग जायचा असता तर इतक्या वर्षांत गेला असता, आणि तो कुणावर ठेवायचा हेही मला धड कळत नाही. बापावर, की त्या हसऱ्या मास्तरांवर, की त्या शब्दावर, जो माझ्या बापाला लहानपणी कुणीतरी पहिल्यांदा ऐकवला. मी फक्त तराजू त्याच्यासमोर सरकवला. तेव्हापासून वजनाचं काम तोच करतो. हात आता त्याच्या बापासारखा थरथरतो, पण गुंजा मोजून टाकतो, आणि दांडी सरळ झाली की मान हलवून मुलींना म्हणतो, बरोबर आहे. त्याचं वजन कधी चुकत नाही. फक्त एखादा बाण दुसऱ्यापेक्षा बोटभर बाहेर आलेला दिसला की त्याचा हात सवयीनं कानशीकडे जातो. मी कानस उचलते आणि माझ्या मांडीखाली ठेवते. तो पाहतो, मीही पाहते. अजून ती मी त्याच्या हातात दिलेली नाही.